शेवटच्या विमानातला नवखा

बाबाच्या खिशातल्या वस्तू ट्रेमध्ये मावेनात. आधी सुतारकामाची चपटी पेन्सिल निघाली, मग मूठभर पितळी स्क्रू, मेणाचा तुकडा, दोरीचं वेटोळं, घडी घातलेला पॉलिश पेपर आणि सगळ्यात शेवटी, अगदी निरागस चेहऱ्यानं, एक पटाशी.

तपासणीवरच्या ताईंनी पटाशीकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं आणि मग त्याच्यामागं बूट हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"कप्तान, हे तुझ्याबरोबर आहेत?"

"माझे बाबा आहेत," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पहिल्यांदाच विमानात बसतायत."

"ते दिसतंच आहे."

"जरा सांभाळून हं," बाबा ताईंना म्हणाला. "कालच धार लावलीय."

ताईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. हे विमानात नेता येणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि बाबाचा चेहरा असा पडला की रांगेतले दोघेतिघे हसायचे थांबले. पटाशी त्याच्या वडिलांची होती. मुलीला ते माहीत होतं. ती पुढं होऊन काही बोलणार, इतक्यात ताईंनीच पटाशी रुमालात गुंडाळली.

"तुमचा होड्यांचा कारखाना खाडीवर आहे ना? मी आणून देईन. उद्यापासून मला वेळच वेळ आहे."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मुलीच्या लक्षात यायला दोन पावलं जावी लागली. मागं वळून तिनं ताईंना हात केला. ताई पुढच्या माणसाचा पट्टा काढून घेत होत्या.

या विमानतळावर एकच विमान यायचं आणि तेच परत जायचं. तिकीट स्वस्त, बाकी सगळ्याला पैसे. पाण्याला पैसे, जास्तीच्या पिशवीला पैसे, हवी ती जागा निवडायला पैसे. मोठ्या शहरात आईकडे राहणारी ही मुलगी दुसरीत असल्यापासून, एक शुक्रवार आड, एकटी या विमानानं बाबाकडे यायची आणि रविवारी परत जायची. सुरुवातीला गळ्यात पाटी अडकवून, विमानातल्या ताईचा हात धरून. आता ती इतकी सराईत झाली होती, की नवख्या प्रवाशांना बूट कधी काढायचे तेही सांगायची. मग महिन्याभरापूर्वी कंपनीचा ईमेल आला. व्यावसायिक कारणांमुळे हा मार्ग बंद करण्यात येत आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. रस्त्यानं जायचं तर चौदा तास, त्यात अर्धा रस्ता घाटाचा.

"तुझं तू ठरव," आई म्हणाली होती. शाळेचं शेवटचं वर्ष कुणाकडे राहून करायचं, असा तो प्रश्न होता.

"तुझं तू ठरव, बाळा," बाबाही फोनवर म्हणाला होता.

दोघंही इतक्या समजूतदारपणे बोलले, की तिला उशीत तोंड खुपसून ओरडावंसं वाटलं. पण तिनं ठरवलं. ती आईकडे राहणार होती. मैत्रिणी होत्या, नाटकाचा गट होता, पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती. आता हे बाबाला सांगायचं फक्त राहिलं होतं. शुक्रवारी ती सांगणार होती, तर बाबानं तिला नव्या होडीचा सांगाडा दाखवला. शनिवारी सांगणार होती, तर तिच्या आवडीच्या रंगाचे दोन डबे समोर ठेवून त्यानं विचारलं, "यातला कुठला?" आणि रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला छोटी पिशवी लावून खोलीबाहेर आला.

"मीही येतो. तुझं खोकं जड आहे."

खोक्यात तिची पुस्तकं, जुने बूट आणि खिडकीत ठेवायचे दगड होते. जड होतं, हे खरं.

"परत कसा येशील?"

"ते बघतो मी."

म्हणजे दुसऱ्याच कुठल्या विमानतळावर उतरून, तिथून महागडी गाडी करून येणार, असं तिनं गृहीत धरलं. आणि हेही धरलं, की विमानातल्या सव्वा तासात तो तिची समजूत घालणार. खाडीवरची शाळा किती चांगली आहे ते सांगणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न सांगता नुसता बघत राहणार.

विमानात सोडायच्या फाटकापाशी मंडळी जमली होती. मंडळी म्हणजे या विमानाची नेहमीची माणसं. पियानोवाले काका गावोगावचे पियानो सुरात लावायचे आणि डोक्यावरची हॅट जेवतानाही काढत नसत. दातवाल्या ताई महिन्यातून दोनदा खाडीवरच्या दवाखान्यात बसायच्या. आणि आजी. आजींचे यजमान खाडीकाठच्या वृद्धनिवासात होते. त्यांना आता कुणाचं नाव आठवत नसे. पाणी दिसलं, की मात्र ते शांत बसत. आजी शहरात मुलाकडे राहायच्या आणि जमेल तेव्हा येऊन त्यांच्याशेजारी पाण्याकडे तोंड करून बसायच्या.

"हे बाबा," मुलगी म्हणाली.

"अस्सं!" पियानोवाले काका उठून उभे राहिले. "होडीवाले! तुमच्याविषयी इतकं ऐकलंय, की मला वाटलं होतं तुम्ही किमान सात फूट असाल."

"लाकूड महाग झालं," बाबा म्हणाला. "थोडक्यात आटपलं."

काका खदखदून हसले. मुलीला बरं वाटलं. बाबा असा नव्या माणसांत पटकन बोलेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"गर्दी बघा आज," दातवाल्या ताई म्हणाल्या. "रोज असं भरलं असतं, तर बंद कशाला केलं असतं?"

"निरोपाला सगळेच येतात," काका म्हणाले. "रोजच्या भेटीला कोण येतो? मार्ग तोट्यात म्हणे. आपण काय नफ्यात होतो?"

"माझी तर सात तोंडं अर्धवट राहिली. तारा बसवलेली पोरं. आता कोण घट्ट करणार त्या?"

काकांनी हॅट काढली आणि उलटी धरली.

"चला. बाजार."

बाजाराची पद्धत जुनी होती. कंपनी फुकटात बहुतेक मधल्याच जागा द्यायची. खिडकीला जास्त पैसे. तरी सगळ्यांच्या बोर्डिंग पासांत चुकूनमाकून एखादी खिडकी यायचीच. मग सगळ्यांनी आपापले पास हॅटमध्ये टाकायचे आणि ज्याला जे हवं ते मागून घ्यायचं. गुडघा दुखणाऱ्याला कडेची जागा, घाई असणाऱ्याला पुढची. पण खिडकीचा नियम वेगळा होता. खिडकी मागायची ती फक्त खरोखर वाईट दिवस असेल तेव्हाच, आणि मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही. पियानोवाल्या काकांनी ती मागितली होती त्यांच्या बायकोच्या आजारपणात, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. कारण नंतर कळलं. कित्येकदा खिडकी कुणीच मागायचं नाही आणि मग ती एखाद्या अनोळखी पोराला देऊन टाकायचे.

आज पासांत एकच खिडकी होती. मुलीनं पाहिलं, आजींनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि काकांकडे बघून तोंड उघडलं.

"मला खिडकी पाहिजे," बाबा म्हणाला. मोठ्यानं, अगदी उत्साहानं, आइस्क्रीम मागावं तसा.

काकांचा हात हॅटमध्येच थांबला.

बाबाला वाटलं, ऐकू गेलं नसावं. "खिडकी," तो पुन्हा म्हणाला. "असेल तर."

"आहे ना," काका हळूच म्हणाले. त्यांनी पास शोधला आणि दोन्ही हातांनी बाबाच्या हातात दिला. दातवाल्या ताईंनी त्याच्या दंडावर थोपटलं. आजींनी उघडलेलं तोंड मिटलं, पर्स परत मांडीवर घेतली, तिच्यातून पेपरमिंटची गोळी काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"घ्या. चघळा. बरं वाटेल."

"मला बरंच वाटतंय," बाबा गोंधळून म्हणाला.

"असं म्हणायचंच असतं," आजी म्हणाल्या.

मुलीला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. रांगेत चालताना तिनं बाबाला कोपरानं ढोसलं.

"बाबा, खिडकी अशी मागायची नसते!"

"का? पैसे पडतात?"

"नाही. म्हणजे... जाऊ दे."

कारण सांगायला गेलं, तर बाबा परत फिरून पास आजींना दिल्याशिवाय राहिला नसता. आणि ते आजींना अजिबात आवडलं नसतं. एकदा दिलेली खिडकी परत घ्यायची नाही, हाही नियमच होता. शिवाय मंडळींचा फार काही गैरसमज झालेला नाही, असंही तिला चालता चालता वाटून गेलं.

विमानात बाबा खिडकीशी बसला, शेजारी आजी. त्यांच्या पलीकडचा माणूस बसल्या बसल्या झोपी गेला. मुलगी बरोबर मागच्या रांगेत मधे होती, एका बाजूला खिडकीशी कुणी अनोळखी प्रवासी, दुसऱ्या बाजूला काका आणि वाटेपलीकडे दातवाल्या ताई. दोन खुर्च्यांमधल्या फटीतून तिला बाबाचा कान आणि अर्धा गाल दिसत होता. म्हणजे आता सव्वा तास तो तिच्याशी बोलू शकणार नव्हता. तिनं सुटकेचा श्वास घेतला आणि लगेच स्वतःचाच राग आला तिला.

बाबानं बोटाच्या पेरानं विमानाची भिंत ठोकून पाहिली. मग कान लावून पुन्हा ठोकली.

"ताई," त्यानं विमानातल्या ताईला विचारलं, "याची जाडी किती असेल हो?"

"कल्पना नाही, काका. पण आजवर आत पाणी आलेलं नाही."

"जोड छान बसवलाय," बाबा म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक निघत नसे.

विमान धावू लागलं तसे बाबाचे दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर गेले. चाकं सुटली, खालचं सगळं तिरकं झालं आणि अचानक तो ओरडला, "अरे! ते माझं छप्पर!"

झोपलेला माणूस दचकून जागा झाला.

"कुठं?" आजींनी विचारलं.

"ते बघा, धक्क्याच्या डावीकडं. अरे देवा, पार गंजलंय की! खालून कळतच नाही." तो काचेला नाक लावून बघत राहिला. मग मान वळवून फटीतून मागं बघत म्हणाला, "बाळा, तुला सोडून मी धावत कारखान्यावर जायचो. विमान डोक्यावरून जायचं तेव्हा हात करायचो. कुठल्या खिडकीत तू आहेस ते कळायचं नाही. अंदाजानं करायचो. दिसायचो का मी?"

मुलीनं आजवर एकदाही खिडकी मागितली नव्हती. मधल्या जागेवरून पंख दिसायचा, कधी नुसतं आभाळ.

"दिसायचास की," ती म्हणाली. "दर वेळी."

पियानोवाल्या काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग समोरचं सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड फार लक्ष देऊन वाचायला घेतलं.

ढगांच्या वर गेल्यावर आजींनी पिशवीतून सुया आणि लोकर काढली. विणता विणता त्या बोलू लागल्या. मुलगी मुद्दाम ऐकत नव्हती, पण आजींचा आवाज असा होता, की तीन रांगांपर्यंत कुणालाही मुद्दाम ऐकायची गरज पडत नसे.

"हिला कप्तान का म्हणतो आम्ही, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही. घरी कधी बोलली नाही."

"पहिल्या दिवशी एवढीशी होती. गळ्यात पाटी. विमानातल्या पोरीला म्हणाली, मला कप्तानला भेटायचंय, महत्त्वाचं काम आहे. का गं? तर म्हणे, त्यांना सांगायचंय, खाडीवरून जाताना हळू न्या, खाली माझे बाबा होडीत असतात. विमान पडलं तर त्यांच्यावर पडेल."

बाबाचा कान हलला नाही.

"स्वतः पडेल, ते डोक्यातच नाही पोरीच्या. काळजी तुमची! मग कप्तान साहेबांनी खरंच तिला आत बोलावलं आणि वचन दिलं. तेव्हापासून हीच कप्तान."

"आणि नंतर माझ्या हॅटमध्ये ओकली," काकांनी पुढं वाकून भर घातली.

"काका!"

"खोटं आहे का? नवी हॅट होती!"

"तेव्हा मी सात वर्षांची होते!"

"हॅट सात दिवसांची होती."

दातवाल्या ताई हसत हसत म्हणाल्या, "आणि तुमच्या बायकोच्या वेळी हिनंच विनोदाचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलं होतं. तुम्ही एकदाही हसला नाहीत, तरी थांबली नाही."

"भयंकर विनोद होते," काका म्हणाले. "ते पुस्तक आहे अजून माझ्याकडे."

आजींनी विणकामाची ओळ पूर्ण केली. "माझी पिशवी दर खेपेला उचलते. मी नको म्हटलं, की म्हणते, आजी, दंड कमवायचेत मला, तुम्ही मधे येऊ नका. एवढं सुबक खोटं बोलते, की नाही म्हणवत नाही."

मुलगी खाली सरकून खुर्चीत जवळजवळ दिसेनाशी झाली होती. लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं, आणि त्या दोन्हीच्या खाली ते न सांगितलेलं वाक्य तसंच होतं, बुटात खडा असावा तसं.

बाबा खिडकीपासून वळला. मग म्हणाला, "मी विमानतळाबाहेर उभा राहायचो, आजी. ती यायची, मी पिशवी घ्यायचो. रविवारी पिशवी द्यायचो. मला वाटायचं, मधलं म्हणजे नुसतं अंतर आहे. पोरीला उगाच ते कापायला लावतोय, असं वाटून जीव तुटायचा. इथं हे एवढं सगळं चाललेलं असतं, याचा मला पत्ताच नाही."

"तुम्हाला कसा असणार?" आजी म्हणाल्या. "तुम्ही नेहमी खालीच."

"हो ना," बाबा म्हणाला. आणि पुढचा सगळा वेळ तो ढगांकडे बघत बसला. नवी होडी पहिल्यांदा पाण्यात सोडल्यावर बसतो तसा, तळहात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता.

विमान उतरलं तेव्हा टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. वैमानिक एवढंच म्हणाला, की आपल्याबरोबर उडायला आवडलं, आणि नेहमीपेक्षा थोडं उशिरानं त्यानं ध्वनिक्षेपक बंद केला. दारात विमानातली ताई सगळ्यांना नमस्कार करत उभी होती. मुलीची वेळ आली तेव्हा ताईनं नमस्कार केला नाही, केस विस्कटले.

बाहेर पियानोवाले काका थांबले. त्यांनी हॅट काढली आणि मुलीपुढं जराशी झुकवली.

"भेटू, कप्तान."

"कुठं?"

"हो, ते आता ठरवायला पाहिजे," काका म्हणाले. "आजवर ठरवावं लागलं नाही, नाही का?" आणि टॅक्सीच्या रांगेकडे चालू लागले. दातवाल्या ताई त्यांच्या मागोमाग गेल्या, जाताना म्हणाल्या, "दात रात्रीसुद्धा घास. मला कळतं."

आई कठड्यापाशी उभी होती. बाबाला बघून तिच्या भुवया वर गेल्या. बाबानं खोकं गाडीत ठेवलं. तिघं गाडीच्या मागं उभी राहिली आणि आता याहून जास्त लांबवता येणार नाही, हे मुलीला कळून चुकलं.

"बाबा, मी आईकडे राहायचं ठरवलंय." एका दमात ती म्हणाली. "म्हणजे शाळा आहे, आणि नाटक, आणि तुझ्याकडे यायचं नाही असं नाही, सुट्टीत मी येईनच, पण..."

"बरं," बाबा म्हणाला.

ती थांबली. "बरं?"

"चांगलं ठरवलंस. नाटक कधी आहे?" तिनं उत्तर द्यायच्या आत तो आईकडे वळला. "खाडीकडे जाणारी बस इथूनच सुटते ना? समोरून?"

"बस?" आई म्हणाली. "हो, समोरूनच. पण तू बसनं जाणार आहेस? चौदा तास लागतात."

"लागू देत. जरा बघायचंय, मधे थांबते कुठं, घाटात किती हलते, बसल्या बसल्या झोप लागते का. एकदा अंदाज आला, की दर खेपेला विचारत बसायला नको."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "दर खेपेला म्हणजे?"

"एक शुक्रवार आड," बाबा म्हणाला. होडीला रंगाचे हात किती द्यायचे, ते सांगावं तसा. "गुरुवारी संध्याकाळी बसलो, की शुक्रवारी सकाळी इथं. रविवारी परत."

"आणि कारखाना?"

"रंग वाळायला वेळ लागतोच. मी समोर बसून राहिलो म्हणून लवकर वाळत नाही."

आईनं हातातल्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"मग तू हे कालच का नाही सांगितलंस?" शेवटी ती जवळजवळ ओरडली. "दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता!"

"काल सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे बघून ठरवलं असतंस," बाबा म्हणाला. "तुझं तुला ठरवायचं होतं ना?"

"आणि विमान? बसनंच यायचं जायचं होतं, तर आज विमानानं का आलास?"

बाबानं विमानतळाच्या इमारतीकडे पाहिलं. "ते एकदा बघायचं राहिलं होतं. आजच्यानंतर बघता आलं नसतं."

समोर बस लागली होती. हिरवी, धुळीनं माखलेली, टपावर दोन सायकली बांधलेली. आई म्हणाली, गाडीत जुनी शाल आहे, घाटात थंडी वाजेल, आणि ती आणायला गेली. बाबा आणि मुलगी रस्ता ओलांडून बसपाशी आले, तर तिथं आजी आधीच पोचलेल्या. त्यांच्या यजमानांकडे आता हीच बस जाणार होती. पलीकडे त्यांचा मुलगा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

"आई, चल ना गं! पार्किंगचे पैसे वाढतायत!"

"वाढू देत," आजी मागं न बघता म्हणाल्या. त्या काठीचं टोक बसच्या पायरीवर टेकवून बघत होत्या.

"उंच आहे," त्या म्हणाल्या.

"आजी, सगळ्यांना हीच पायरी आहे," ड्रायव्हर आतून म्हणाला.

"म्हणून काय ती बुटकी होते का?"

बाबा खाली बसला. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता त्यानं एक गुडघा धुळीत टेकला आणि हाताचा पंजा पसरून जमिनीपासून पायरीपर्यंतचं अंतर मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यानं आजींच्या चपलांकडे पाहिलं.

"मधे एक लहानसा पाट बसेल," तो म्हणाला. "दुमडता येईल असा. फळी आहे माझ्याकडे."

"मी कुठं म्हटलं, मी बसनं जाणार आहे?"

"मी कुठं विचारलं?"

आजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घसरणारा नको."

"होडीत लावतो तशा खाचा पाडतो. ओल्या पायानंही कुणी घसरत नाही."

"वजनाला?"

"मी उचलणार आहे. तुम्हाला काय करायचंय?"

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बस थरथरली, टपावरच्या सायकलींच्या घंट्या आपोआप वाजायला लागल्या. आई शाल घेऊन धावत रस्ता ओलांडत होती.

"बाबा, चढ आता," मुलगी म्हणाली. "निघाली बस."

"थांब गं," बाबा खालूनच म्हणाला. "आजी, जरा पाय उचलून दाखवा. सहज येईल तेवढाच. ओढून नको."

आजींनी एकदा मुलाच्या गाडीकडे पाहिलं. मग काठी मुलीच्या हातात दिली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला.